हिच्या पायात काय?

रेडिओवर नाटक संपलं की कलाकारांची नावं सांगतात. नायकाचं, नायिकेचं, खलनायकाचं, आणि मग निवेदिका जरा घाईनं म्हणते, "आणि इतर." आमच्या रेडिओ केंद्रावर त्या 'इतर'मध्ये एकतीस वर्षं मुख्यतः एकच बाई होती. म्हणून तिला सगळे इतरताई म्हणत, आणि तीही त्या नावाला खुशाल ओ देई.

खरं तर ती नाटकात काम करायला आलीच नव्हती. आवाजाची चाचणी द्यायला आली होती तिची वहिनी. ही आपली सोबतीला, पिशवी सांभाळायला. लाल दिवा लागला आणि वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. ती जी उठली ती थेट घरी. "आता तुम्ही तरी काहीतरी बोला," काचेपलीकडून कुणीतरी वैतागून म्हणालं, आणि ही बोलली. त्या दिवसापासून वहिनीनं धरलेला अबोला अजून सुटलेला नाही.

आता लगेच तिला देवमाणूस वगैरे समजू नका. दुसऱ्याच्या डब्यात बिनदिक्कत हात घालायची आणि स्वतःचा डबा मांडीखाली धरून बसायची. दोन प्रवेशांच्या मधे खुर्चीत चक्क घोरायची. कुणाचं कौतुक करायची वेळ आली की हिच्या जिवावर यायचं. पण एकदा का ती मायक्रोफोनसमोर उभी राहिली, की बघणाऱ्याची बोलतीच बंद.

कविराजाची तशीच झाली. हा कविराज पाणीपुरवठा खात्यात तक्रारी लिहून घ्यायच्या टेबलावर बसायचा. आयुष्यात त्यानं एक कविता केली नव्हती, पण खांद्याला झोळी दिसली म्हणून केंद्रावरच्या लोकांनी त्याला कविराज करून टाकला. चाळिशीला टेकता टेकता त्याचं पहिलं नाटक मंजूर झालं होतं आणि तो रीतभात बघायला एका दुपारी स्टुडिओत येऊन बसला होता.

त्या दिवशी इतरताईच्या वाट्याला तीन वाक्यं होती. नर्स, एक वाक्य. शेजारीण, एक वाक्य. भाजीवाली, एक वाक्य. तिनं पिशवीतून पांढरे कॅनव्हासचे बूट काढले, नाड्या बांधल्या आणि म्हणाली, "नातेवाइकांनी बाहेर थांबा." मग बूट काढून घरातल्या सपाता घातल्या आणि शेजारीण झाली. मग सपाताही काढल्या, अनवाणी उभी राहिली, आणि भाजीवालीचं वाक्य बोलायच्या आधी तळपायाला चटका बसल्यासारखा तिनं पाय बदलला. तीन बायका त्या खोलीत येऊन गेल्या होत्या. एकीची ड्यूटी संपत आली होती, एकीला आतली बातमी हवी होती, आणि तिसरीला उन्हातून लवकर घरी जायचं होतं. कागदावर यातलं एक अक्षरही नव्हतं.

"ताई, रेडिओवर पाय कुणाला दिसतात?" कविराजानं न राहवून विचारलं.

"मग तोंड तरी कुणाला दिसतंय?" ती म्हणाली आणि त्याच्याच डब्यातला एक घास उचलून खुर्चीत जाऊन झोपली.

कविराजाच्या नाटकाची गोष्ट साधी होती. एका इमारतीतली लिफ्ट बंद पडते, वरून दिवेही जातात, आणि माणसं जिन्यात अडकतात. केंद्राकडून सूचना आली होती की नाटकात सगळ्या प्रकारची माणसं दिसावीत. कविराज तक्रारी नोंदवणारा माणूस. त्यानं यादीच केली. एक म्हातारा, एक परदेशी, एक गरीब, एक आंधळी. लिहून झालं की समोर बरोबरची खूण. आंधळ्या बाईला शेवटी जिन्यात आणून तिच्या तोंडी वाक्य घातलं, "मला डोळे नाहीत, पण मला सगळं दिसतं." ते वाचून निर्मातेसाहेब म्हणाले, वा! कविराजालाही ते पाठ झालं होतं.

धाकधूक त्याला एकाच गोष्टीची होती. घरी आत्या ऐकणार होती. आईवडिलांच्या माघारी आत्यानंच त्याला वाढवलं, आणि ती जन्मापासून आंधळी. दर रविवारी दुपारी ती रेडिओवरचं नाटक ऐकायची, हात बटणावर ठेवून. नाटक खोटं बोललं की बटण बंद. भल्याभल्यांची नाटकं तिनं पाचव्या मिनिटाला गार केली होती. आपलं नाटक आत्यानं शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं. बाकी जगानं काय ते म्हणावं.

ध्वनिमुद्रणाला तीन तास मिळाले होते. अडीच तास सुरळीत गेले. मग इतरताईची पाळी आली. तिनं कागद वाचला, पिशवीत हात घातला आणि तसाच ठेवला.

"कविराज, हिच्या पायात काय?"

"चप्पल."

"कसली? नवी की झिजलेली?"

"साधी. ती आंधळी आहे, ताई."

"ते कळलं रे. पायांनी पण आंधळी आहे का?"

निर्मातेसाहेबांनी काचेपलीकडून घड्याळाकडे बोट दाखवलं. "ताई, एका वाक्याची बाई आहे. म्हणा आणि मोकळ्या व्हा. नाहीतर गाळून टाकतो, नाटक अडत नाही तिच्यावाचून."

"बघ बाबा," इतरताई शांतपणे म्हणाली. "जिला काढलं तरी नाटक अडत नाही, ती आलीच कशाला? हिला कुठं जायचंय? कुणावर चिडलीय? का नुसती आपल्याला चांगलं वाटावं म्हणून जिना चढलीय?"

कविराजानं यादीतली ती बरोबरची खूण पाहिली.

"आंधळं माणूस कधी जवळून पाहिलंयस का?" तिनं विचारलं.

पाहिलंय का! छत्तीस वर्षं तो आत्याच्या हातचं जेवला होता. आणि लिहायला बसला तेव्हा ती एकदाही आठवली नव्हती, कारण आत्या त्या वाक्यात बसतच नव्हती. गोष्टीतली आंधळी बाई शांत, समंजस, भली असायला हवी ना! त्याला स्वतःची लाज वाटली.

"नाल," तो एकदम म्हणाला. "तिच्या पायात कडक तळाचे बूट असतात. मोचीकडून टाचेला लोखंडी नाल ठोकून घेते. आवाज भिंतीवर आपटून परत येतो त्यावरून तिला जागा कळते. आणि लोकांनीही बाजूला व्हावं, हा हिशेब वेगळाच."

"हं. पुढं?"

पुढं काय, धरणच फुटलं! संध्याकाळी पाहुणा आला की आत्या दिवा लावायचा मुद्दाम विसरते आणि तो खुर्चीला अडखळला की गोड आवाजात "सांभाळून हं" म्हणते. वय विचारलं तर चार वर्षं खाते. भिंतीला कान लावून शेजारच्यांची भांडणं ऐकते आणि कोण बरोबर याचा निकाल जेवताना देते. जिन्यात मधल्या वळणावर थांबून नाकानं एक लांब श्वास घेते, दम लागलाय हे कुणाला कळू नये म्हणून. केसांचा तिला भारी अभिमान.

निर्मातेसाहेबांचं आता घड्याळाकडे लक्ष नव्हतं.

इतरताईनं आवाजवाल्याला हाक मारली. दारांचे, पावलांचे आवाज काढणारा तो माणूस. त्याच्याकडे लोखंडी टाचांचे बूट होतेच, पण दोन मापं मोठे. तिनं पुढच्या भागात कागद कोंबले, बूट चढवले आणि कविराजाकडून जुनं वाक्य खोडून नवं लिहून घेतलं. 'आंधळी' हा शब्दही तिनं सगळ्या नाटकातून काढायला लावला. "जिन्यात तशीही कुणी तिची ओळख करून देत नाही," ती म्हणाली.

लाल दिवा लागला. लाकडी पायऱ्यांवर टाचा वाजू लागल्या. टक, टक, टक. वळणावर पाऊल थांबलं, आणि नाकातून एक लांब, लपवलेला श्वास आला.

कविराज ताडकन उभा राहिला. तो श्वास त्यानं हजार वेळा ऐकला होता. आत्याला उभ्या जन्मात न भेटलेल्या बाईनं तो इतका हुबेहूब कुठून आणला?

"सरका बाजूला! जिन्यात काय संमेलन भरवलंय? एवढीशी बत्ती गेली तर घाबरून एकमेकांचे हात धरून बसलेत! तिसऱ्या मजल्यावरचे तुम्हीच ना? काल भांडणात तुमचंच चुकलं होतं."

आवाजवाल्याला हसू आवरेना, त्यानं तोंडात रुमाल कोंबला. कविराजाचे डोळे भरून आले. बुटात कागद कोंबलेली ठेंगणी बाई त्याला समोर दिसत होती, आणि तरी ती तिथं नव्हती. देवाशपथ सांगतो, माणूस दुसऱ्या माणसात एवढं जाऊ शकतं यावर त्याचा त्या दिवसापर्यंत विश्वास नव्हता.

रविवारी दुपारी आत्या रेडिओपाशी बसली, हात बटणावर. कविराज दाराशी उभा. म्हातारा बोलला, परदेशी बोलला. आत्यानं दोनदा नाक मुरडलं, दोनदा बोटानं बटण दाबत आणलं. कविराजाचा जीव टांगणीला. मग टाचा वाजल्या. आत्यानं मान कलती केली. ती बाई बोलत गेली तशा आत्याच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या, पण हात बटणावरून मांडीवर आला आणि नाटक संपून नावं सांगेपर्यंत तिथंच राहिला.

"बरं आहे," आत्या म्हणाली. "पण ती जिन्यातली बाई! काय ते तोंड, बापरे! आणि भिंतीला कान लावून दुसऱ्यांची भांडणं ऐकते मेली."

कविराज दारातून पुढं आला. "आत्या, ती आंधळी होती."

"कोण?"

"तीच. जिन्यातली."

आत्यानं झटकन मान उडवली. "असेल आंधळी. म्हणून इतकं फटकळ असावं का माणसानं? माझ्या शेजारी असती ना, तर मी चार गोष्टी सुनावल्या असत्या."

कविराजाला हसावं की रडावं कळेना.

"आता पुढच्या नाटकात ती येणार असेल तर आधी सांग मला," आत्या उठता उठता म्हणाली. "मी खुर्ची पुढं ओढून बसेन."