टेबलावरची बेल

आपल्या सूतगिरणीतल्या अधिकारी मंडळींनो, धुळ्याहून एसटीने आत्ताच जळगावला उतरलो आणि घरी न जाता स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत शिरलो. घरी हे सांगायची हिंमत नाही, म्हणून आपल्या ई-मेल ग्रुपवर लिहितोय.

गिरणी बंद होऊन सात महिने झाले. सूत सोडून आता प्लास्टिक पाइपच्या कारखान्यात मॅनेजर म्हणून घेतात का, ते बघायला गेलो होतो. मालक तिशीतला, वागायला चांगला. "काका, बसा," म्हणाला. बायोडाटा नीट वाचला. "पाइपचं काम नव्याने शिकावं लागेल," म्हणाला. मी मनापासून हो म्हटलं.

बोलता बोलता घसा कोरडा पडला. टेबलावर बेल होती. कधी हात गेला कळलंच नाही, मी ती दाबली. त्याच्या केबिनमध्ये, त्याच्या टेबलावरची! बावीस वर्षं जनरल मॅनेजर होतो ना.

मालक बोलायचा थांबला. म्हातारा शिपाई लगबगीने आत आला. "काय काम शे, साहेब?"

सात महिन्यांनी 'साहेब' ऐकलं. मी "पाणी आण" म्हणणारच होतो, पण तो बघत होता मालकाकडे.

"काकांना पाणी दे," मालक म्हणाला. मी पाणी पिईपर्यंत त्याने बायोडाटाची घडी घातली आणि माझ्यापुढे सरकवली. "काका, तुम्हाला इथे जमायचं नाही."

पाइपचं काम मी महिन्याभरात शिकलो असतो हो. पण साहेब असणं विसरायला किती दिवस लागतात? तुमच्यापैकी एकाला तरी जमलंय का?