शून्यावर न येणारा काटा

मी इंजिन बंद केलं तेव्हा विहिरीच्या तळाशी सुरुंगाच्या वाती पेटलेल्या होत्या. हे मला माहीत नव्हतं. साठ फूट खोल कोरडी विहीर, खाली तीन माणसं आणि त्यांना वर ओढणारी यारी मी माझ्या हाताने थांबवलेली. यारीवाल्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडचा रंगच गेला होता.

"जमादारीन बाई, काय करून राहिल्या? खाली बत्ती दिली हाय."

त्याआधी मला यारीच्या तोंडाला बांधलेलं लाल फडकं दिसलं होतं. नजर लागू नये म्हणून बांधलं असेल, असं मला वाटलं. गाड्यांना, झोपड्यांना, म्हशींच्या गळ्यात असली फडकी मी रोज बघत होते. सुरुंगवाल्यांच्यात त्याचा अर्थ वेगळा असतो. फडकं लागलं की खालची माणसं वर येईपर्यंत इंजिनाला कोणी हात लावायचा नाही. ते इंजिन हँडल मारून चालू व्हायला पाच-सात मिनिटं लागायची आणि वाती तेवढा वेळ थांबणार नव्हत्या.

आता ही वेळ कशी आली ते सांगते. नावं कोणाचीच लिहिणार नाही. काही माणसं अजून जिवंत आहेत आणि काहींची मुलं गावात मान ठेवून आहेत.

मी चौथी शिकले. पोलिसात महिला शिपाई म्हणून लागले, तेव्हा तेवढं पुरत होतं. पुढे जमादार झाले. लातूर जिल्हा नवीन झाला त्या काळातली ही गोष्ट. शिरूर अनंतपाळकडच्या ज्या ठाण्यात हे घडलं, तिथल्या पाटीवर जुन्या जिल्ह्याचं नाव चुन्याने पुसून वर लातूर लिहिलं होतं. चुना पातळ होता. दोन्ही नावं एकदम वाचता यायची. पाऊस धड नव्हता. जिकडेतिकडे विहिरी खोल करायचं काम चालू होतं आणि पाणी टँकरने यायचं.

एका गुत्तेदाराकडे, म्हणजे कंत्राटदाराकडे, दोन याऱ्या होत्या. यारी म्हणजे विहिरीच्या तोंडावर उभी करायची लोखंडी क्रेन. तिच्या लांब हाताला तारेचा दोर, दोराला बकेट. त्या बकेटमधून दगड वर येतात आणि माणसंही. पहिल्या यारीचा हात एका दुपारी मोडून विहिरीत पडला. खाली दोघं होते. दोघंही गेले.

गुत्तेदार त्याच दिवशी ठाण्यात आला. त्याची फिर्याद सरळ होती. नांदेडच्या एका तांत्रिक कॉलेजातली पोरगी महिनाभर त्याच्या याऱ्यांवर काहीतरी प्रयोग करत होती आणि तिने हाताचं लोखंड कानशीने घासून कमजोर केलं. पंचनाम्यात तसंच सापडलं. मोडलेल्या हातावर तळव्याएवढी जागा रंग काढून आरशासारखी चकचकीत घासलेली होती. फौजदारसाहेबांनी पोरीला अटक केली, कोर्टापुढे उभं केलं, कोठडी घेतली. स्त्री आरोपी म्हणून तिच्या रखवालीला मला लातूरच्या मुख्यालयातून पाठवलं.

पोरगी पंचविशीची असेल, उदगीरची. बाप दुकानदारांचे तराजू दुरुस्त करायचा. गळ्यात लिंग, हातात एकही बांगडी नाही, नखांत डिंक. कॉलेजात ती प्रयोगशाळा सांभाळायची. साहेब रोज सकाळी तिला समोर बसवायचे आणि मी बाजूला उभी राहायचे.

"कानस कशाला मारली?"

"कानस न्हाई साहेब. पॉलिश पेपर."

"पण घासलं ना?"

"हाव. घासल्याशिवाय पट्टी चिकटत न्हाई."

ती पट्टी मी मुद्देमालात बघितली. टपालाच्या तिकिटाहून लहान कागद, त्यावर केसाहून बारीक तार नागमोडी वळवलेली. पोरीचं म्हणणं असं, की लोखंडावर वजन आलं की लोखंड ताणतं. डोळ्याला दिसत नाही, पण ताणतं. पट्टी त्याच्याबरोबर ताणते, तारेतली वीज बदलते आणि डब्यावरचा काटा हलतो. असल्या पट्ट्या परदेशात आधीपासून होत्या. त्या यारीच्या हाताला लावून, बकेटमध्ये किती वजन आहे आणि हाताला ते सोसतंय का, हे यारीवाल्याला बसल्या जागी दाखवायचं, ही अक्कल तिची. डबाही तिनेच केला होता, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून.

साहेब हसले. "मग तुझ्या डब्याने आधी का नाही सांगितलं, यारी पडणार म्हणून?"

"सांगितलं की. गुत्तेदाराला तीन येळा सांगितलं. बकेट रिकामी केली की काटा शून्यावर याया पायजे. येत नव्हता. म्हंजे लोखंड परत जाग्यावर येत नव्हतं. दुसऱ्या यारीचंबी तसंच हाय. ती तर थांबवा."

"दुसऱ्या यारीचं नंतर बघू. पहिलीचं बोल."

तीन दिवस हेच. मी नोकरीत पुष्कळ जबान्या ऐकल्या. खोटं बोलणारा माणूस रोज आपलं सांगणं थोडं सुधारून आणतो. कालच्या भोकाला आज ठिगळ लावतो. ही पोरगी रोज तेच शब्द त्याच क्रमाने बोलत होती आणि ते ऐकून कोणाला बरं वाटेल का, याची तिला फिकर नव्हती. उलट साहेबांनी एकदा चुकीचं लिहिलं तर तिनेच खोडायला लावलं. ती ओळ तिच्या फायद्याची होती, तरी.

तिसऱ्या दिवशी साहेब जीप घेऊन लातूरला बैठकीला गेले. यारीचा मोडलेला हात ठाण्याच्या आवारात बाभळीखाली पडला होता. त्याच्याजवळ दगडावर बसून मी भाकर खाल्ली आणि तिथे पहिल्यांदा नीट बघितलं. आम्ही सगळे त्या चकचकीत जागेकडेच बघत बसलो होतो. हात मोडला होता तिथून दीड वीत पुढे. तिथे जोड होता. विहिरी खोल गेल्या, काम लवकर उरकायचं म्हणून गुत्तेदाराने मोठी बकेट लावली होती आणि हाताला भंगारातला तुकडा वेल्डिंग करून लांब केला होता. मोडलेल्या तोंडाचा अर्धा भाग पांढरा होता. बाकीचा अर्धा गंजून काळा.

विळा, खुरपं, बादलीची कडी, काहीही मोडलेलं हातात धरलं तर बाईमाणसाला हे कळतं. पांढरं आजचं, काळं जुनं. ती चीर कित्येक दिवस गंज खात होती. पॉलिश पेपरचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

मी आत जाऊन पोरीला विचारलं, "दुसऱ्या यारीलाबी असाच जोड हाय?"

"हाव अक्का. त्याच भंगाराचा तुकडा हाय. वहीत लिवलंय मी."

तेवढ्यात पाण्याचा टँकर ठाण्याची टाकी भरायला आला. ड्रायव्हर मोकळ्या तोंडाचा माणूस. पाईप लावता लावता म्हणाला, "गुत्तेदाराची ती खालच्या गावची दुसरी यारीबी आजपासून चालू झाली म्हना. चार दिवस सुतकात गेले. आज माणसं उतरली."

मी ठाणे अंमलदाराला सांगितलं, ती यारी थांबवायला पाहिजे. तो म्हणाला, साहेब येऊ द्या. मी विचारलं, साहेब कधी येणार? तो म्हणाला, संध्याकाळी.

"मग मी जाते. पोरीला घेऊन."

"बाई, आरोपी हाय ती. कुठल्या हुकमानं नेता?"

"माझ्या. डायरीत लिहा. लिहीत नसाल तर मी लिहिते, मला अक्षरं येतात."

त्याने लिहिलं नाही. मीच लिहिलं. मुद्देमालातला डबा काढला आणि त्याच्यावरचं लाखेचं सील तोडलं. मला राग आला होता. तीन दिवस एक माणूस खरं सांगत होतं आणि आम्ही त्याला जबाबात बसवायला जागा शोधत होतो.

टँकरच्या केबिनमध्ये आम्ही तिघं बसलो. पोरगी मध्ये, डबा मांडीवर. वाटेत प्रत्येक वस्तीवर बायका घागरी घेऊन धावत यायच्या. ड्रायव्हर हॉर्न देत पुढे काढायचा आणि शिव्या खायचा. एक म्हातारी ओरडली, "पोलीस बसवून पाणी चोरतोस का रं?" तो मला म्हणाला, "बघा, तुमच्यामुळं मी चोर झालो." पोरगी तीन दिवसांत तेव्हा पहिल्यांदा हसली.

विहिरीवर पोचलो. मी उतरले, सरळ इंजिनाकडे गेले आणि डिझेलचा कॉक बंद केला. पुढचं वर सांगितलं आहे.

यारीवाला इंजिनाच्या हँडलकडे धावला. मी त्याला अडवलं. हँडल मारून इंजिन चालू झालं असतं तरी तिघं एकदम बकेटमध्ये बसणार होते आणि तो जोड तिघांचं ओझं पेलेल असं मला वाटत नव्हतं. मी विहिरीच्या काठावर पालथी पडले आणि खाली ओरडले, "वाती तोडा."

खालून म्हाताऱ्या सुरुंगवाल्याचा आवाज आला, "यारी वढा की. तोडा काय? पाच पेटल्यात."

"यारी येत नाही. वाती तोडा."

"कोन बया हाय ती?"

"पोलीस. तोड आधी, शिव्या मग दे."

त्याने दिल्याच. पण देता देता चाकू काढला. त्याची सून आणि आणखी एक मजूर भिंतीला चिकटून उभे राहिले. तो एकेक वात बुडाशी कापत गेला. वरून मला नुसता धूर दिसत होता आणि त्याचं मोजणं ऐकू येत होतं. एक. दोन. तीन. चार. पाचवी वात भोकाच्या तोंडापर्यंत जळत गेली होती. ती त्याने बोटांनी धरून चाकू लावला. मग म्हणाला, "झालं. आता सांग, कोन गं तू?"

मी त्यानंतर काठावरून उठले. आधी नाही.

पोरीने तोवर यारीवर चढून तिथे आधीच चिकटवलेल्या पट्टीच्या लोंबत्या तारा डब्याला जोडल्या होत्या. काटा शून्याच्या पुढे उभा होता, बकेट रिकामी असताना. तिने यारीवाल्याला सांगितलं, "एकेक माणूस. हळू. मी हात वर केला की थांबायचं."

यारीवाला म्हणाला, "मी रोज तिघं वढतो."

"रोजचं मला सांगू नका. पहिल्या यारीवर तुमचा भाऊ होता का कोन होता? त्योबी रोजच वढायचा."

तो जाऊन इंजिनाचं हँडल मारू लागला. पहिल्या यारीवरचा माणूस त्याचा साडू होता. विहिरीत मेलेल्यांपैकी एक त्याचा पुतण्या.

आधी सून वर आली. मग मजूर. म्हाताऱ्याच्या वेळी काटा एकदम पुढे सरकला आणि पोरीने हात वर केला. बकेट मध्येच लोंबकळत राहिली. म्हातारा वर बघत बसला. काटा थरथरत थोडा मागे आला. "वढा," पोरगी म्हणाली, "लई हळू." म्हाताऱ्याने काठावर पाय ठेवला आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझ्यासमोर येऊन भाजलेली तीन बोटं दाखवली.

"इंजिन बंद करायच्या आधी इचारत नसतेत का, बाई?"

"चुकलं," मी म्हणाले. ते खरंच चुकलं होतं.

नंतर मी पोरीला विचारलं, तिघं एकदम बसले असते तर मोडली असती का? मला हो ऐकायचं होतं. ती म्हणाली, "सांगता येत न्हाई अक्का. काटा एवढंच म्हनतो की भरवसा संपला."

दुसऱ्या दिवशी पंचांसमोर आणि बांधकाम खात्याच्या इंजिनिअरसमोर विहीर रिकामी ठेवून त्याच यारीवर रोजच्याएवढे दगड चढवले. दुसऱ्या फेरीला हात मोडला. जोडावरच. तोंड अर्धं काळं, अर्धं पांढरं. साहेबांनी पंचनाम्यावर सही केली आणि माझ्याकडे बघितलं नाही. पोरीवरचा गुन्हा खोटा ठरला आणि गुत्तेदारावर नवा दाखल झाला. खटला चालला, शिक्षा झाली, वरच्या कोर्टात कमीही झाली.

मला खुलासा विचारला गेला. मी चार ओळी लिहिल्या. सील मी तोडलं. आरोपी मी नेली. हुकूम घेतला नाही, कारण देणारा हजर नव्हता. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा असंच करीन. कचेरीतला बाबू म्हणाला, शेवटची ओळ काढा बाई, शिक्षा सौम्य होईल. काढली नाही. सेवापुस्तकात ठपका बसला. तो अजून तिथेच आहे आणि असू दे.

या केसने मला काय शिकवलं? चकचकीत जागा दिसली की पोलिसाची नजर तिथेच थांबते. आपल्याला पुरावा सापडला, म्हणून माणूस सुखावतो. सुखावलेला माणूस दीड वीत पुढे बघत नाही. मी चौथी शिकलेली म्हणून बघितलं असं कोणी म्हणालं, तर ते मला पटत नाही. मी बघितलं कारण मी भाकर खायला तिथे बसले होते. हे तीन दिवस आधी करता आलं असतं. आणि लाल फडक्याचा अर्थ मी कोणालाच विचारला नव्हता, हेही मी विसरत नाही. जो दोष साहेबांचा, तोच माझा. माझा निभावून गेला.

तिचा डबा कोणी विकत घेतला नाही. ती प्रयोगशाळेत परत गेली आणि तिथूनच निवृत्त झाली. आता किराणा दुकानातल्या काट्याच्या पोटातही तसली पट्टी असते, असं तिने मला सांगितलं. मी एकदा दुकानदाराला उघडून दाखव म्हणाले. त्याने दाखवली नाही.

पहिल्या विहिरीतले दोघं गेले. दुसऱ्या विहिरीतले तिघं जगले. म्हातारा त्यानंतर बरीच वर्षं सुरुंग लावत होता आणि आपल्या खाटेवर वारला. मजूर पुण्याकडे गेला. सून लोहा गावात आपल्या मुलीकडे राहते.