ड्राइव्हला घातलेला स्वेटर

कॉन्व्हेंट शाळेत शुक्रवारचा शेवटचा तास विणकामाचा असायचा. मी आणि लविना एकाच बाकावर... सिस्टरनी आम्हाला टीकोझी विणायला दिली होती. चहा गरम राहावा म्हणून किटलीला घालायचं लोकरीचं टोपडं. लविनाचे टाके सारखे सुटायचे आणि मी ते बाकाखाली गुपचूप उचलून द्यायचे.

परवा हे सगळं आठवलं, आणि तेसुद्धा लॅपटॉपच्या ड्राइव्हवरून!

माझ्या नवऱ्याला, अनिलला जाऊन आता काही वर्षं झाली. त्याचा लॅपटॉप आमच्या मुलुंडच्या घरात अजून त्याच टेबलावर असतो. दर रविवारी मी तो लावायचे आणि जुने व्हिडिओ बघत बसायचे. रिटायर झाल्यावर अनिलने हँडीकॅमच्या सगळ्या कॅसेट त्यात उतरवून घेतल्या होत्या. आमच्या लेकीचं, नेहाचं बालपण, सासूबाई, सोसायटीतली कोजागिरी... मूळ कॅसेटना बुरशी लागली म्हणून त्यानेच त्या टाकून दिल्या. "बॅकअप घेऊ गं एकदा," म्हणायचा. राहिलं ते राहिलंच.

गेल्या महिन्यात लॅपटॉप सुरूच होईना. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, मदरबोर्ड गेलाय, पण आतली ड्राइव्ह चांगली दिसतेय. च्युइंगगमच्या पट्टीएवढी ती ड्राइव्ह त्याने काढून माझ्या हातात ठेवली. एवढ्याशा पट्टीत आमचं अख्खं घर... "हिला एक एन्क्लोजर घ्या मॅडम, म्हणजे बाहेरची डबी. तिच्यात घालून दुसऱ्या लॅपटॉपला लावा," म्हणाला.

मी ऑनलाइन शोधलं. जिच्या खोक्यावर वेगाचा आकडा सगळ्यात मोठा, तीच डबी मागवली. अनिलच्या वस्तूला स्वस्तातलं कशाला, असं मनात. छान धातूची डबी आली. ओरखडे पडू नयेत म्हणून मी तिला लोकरीचं कव्हर विणलं, निळं. आमच्या घरात मिक्सरपासून रिमोटपर्यंत सगळ्याला कव्हर असतं, मग हिनेच काय पाप केलं होतं?

माझ्या जुन्या लॅपटॉपला डबी लावली, कॉपी सुरू झाली... आणि मध्येच ड्राइव्ह गायब. परत लावली, परत गायब. प्रत्येक वेळी आधीपेक्षा लवकर. ड्राइव्ह मरतेय, दुसरं काय! अनिलला एकदा गमावलं होतं, आता परत...

लविनाला फोन केला. ती बोरिवलीला राहते, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवून रिटायर झाली. "कशालाच हात लावू नकोस, मी येते," एवढंच म्हणाली.

आली, टेबलाकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "शुभा! अगं, स्वेटर घातलास याला? मुंबईत? मे महिन्यात?"

"ओरखडे पडतील ना गं..."

"पडू दे! ती धातूची डबी असते कशाला? आतली गरमी बाहेर जायला. तू तिला टीकोझी घातलीस, यार!"

मला हसावं की रडावं कळेना.

मग चहा घेता घेता तिने समजावलं. डबीत एक छोटी कंट्रोलर चिप असते, ती म्हणजे दुभाषी. ड्राइव्ह एक भाषा बोलते, यूएसबी दुसरी. ही मध्ये बसून भाषांतर करते. दुभाषी जितका भरभर बोलणारा, तितका तापतो. फार तापला की गप्प बसतो, आणि आपल्याला वाटतं ड्राइव्ह गेली.

कव्हर काढून, पंख्याखाली ठेवून पाहिलं. या वेळी जोडणी बराच वेळ टिकली, पण शेवटी तुटलीच. लविनाने त्या चिपचं नाव शोधून लोकांचे अनुभव वाचले. ही नव्या, वेगवान पोर्टांसाठीची चिप, चांगलीच तापणारी. माझ्या लॅपटॉपचं पोर्ट बिचारं त्या वेगाच्या जवळपासही जात नाही. "तुझ्या पोर्टला झेपेल तेवढ्याच वेगाची घे, थंड डोक्याची. खोक्यावर आकडा मोठा असतो, चिपचं नाव नसतं. ते विचारून घ्यायचं. आणि डबी तुझ्या ड्राइव्हच्या जातीला चालते का, तेही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी दुकानात जाऊन चिपचं नाव विचारूनच साधी डबी आणली. लावली... मी देवाचं नाव घेत होते, लविना मेरीचं. शेवटची फाइल उतरेपर्यंत जोडणी एकदाही तुटली नाही.

पहिलाच व्हिडिओ उघडला. स्वयंपाकघरात सासूबाई मालवणीत ओरडतायत, "माझो कित्याक काढतंस रे? चेडवाचो काढ!" चेडू म्हणजे पोरगी, आमची नेहा. आणि कॅमेऱ्यामागून अनिलचा आवाज, "शुभा, चालू झालं का गं हे?"

तो कुठल्याच व्हिडिओत दिसत नाही. शूटिंग तोच करायचा ना... पण आवाज आहे. सगळीकडे आहे.

लविनाने माझा हात धरला. "झालं गं चालू," ती हळूच म्हणाली. माझे सुटलेले टाके या वेळी तिने उचलून दिले.

आता सगळ्यांच्या साक्षीने इथेच लिहून ठेवते. एक कॉपी नेहाला. तापणारी वेगवान डबीही तिलाच, तिच्या नव्या लॅपटॉपला शोभेल; फक्त बाई, कव्हर घालू नकोस. एक कॉपी पेन ड्राइव्हवर कुडाळला भाऊजींना, त्यांच्या आईचा आवाज आहे त्यात. मूळ पट्टी माझ्याकडे राहील, माझ्यानंतर नेहाकडे.

आणि निळं लोकरीचं कव्हर लविनाला. तिने स्वतः मागून घेतलंय. तिला अजूनही विणता येत नाही.