वांगी रंगाचे मणी

मण्यांचं काम करायला बसले की मी आधी ताटात जुना टॉवेल पसरते. टॉवेलवर ओतलेले मणी घरंगळत नाहीत. हे मला कुणी शिकवलं नाही. पहिल्याच माळेचे निम्मे मणी सोफ्याखाली गेले, तेव्हा गुडघ्यांनी शिकवलं.

एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी नोकरी केली. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं आणि पोरांनी फोडलेल्या परीक्षानळ्या गोळा करणं, यात आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारणारी माणसं आता एकेक करून संपली, त्यामुळे उत्तर तयार ठेवायची गरज उरलेली नाही. आई माझ्याजवळ असायची. ती गेल्यावर धायरीच्या या फ्लॅटमध्ये मी आणि टीव्ही असे दोघेच राहिलो. टीव्ही फार बोलतो, म्हणून मी त्याला बंद करून ठेवलं.

आईची मोत्यांची माळ तुटली होती. ती गाठवून घ्यायला मी पेठेतल्या एका गृहस्थांकडे गेले. गाठवणं म्हणजे नुसतं ओवणं नव्हे. प्रत्येक मोत्यानंतर बारीक गाठ मारायची, म्हणजे दोरा तुटला तरी एकच मोती जातो, बाकीचे जागेवर राहतात. त्यांचा हात इतका सुरेख चालत होता की मी बघतच उभी राहिले. मान वर न करता ते म्हणाले, "माळ शनिवारी मिळेल. बघायला उभं राहिलात म्हणून आज मिळणार नाही." मी म्हटलं, राहू दे मग, मीच करते. तिथून थेट बोहरी आळीत गेले, दोरा आणि सुया घेतल्या आणि घरी येऊन बसले. पहिली माळ वाकडीतिकडी झाली. पण संपूर्ण दुपार कधी गेली ते कळलं नाही, आणि आई गेल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं होतं.

छंद लागला तो लागलाच. मण्यांची कानातली झाली, बांगड्या झाल्या, तोरणं झाली. पण दागिना करायला जसे मणी लागतात तसा तो घालायला गळा लागतो, हे मला उशिरा कळलं. सोसायटीतल्या बायकांना दागिने दिले तर त्या "अय्या, तुम्ही केलंत?" म्हणून घ्यायच्या आणि मग तो दागिना पुन्हा कधी दिसायचा नाही. भाचीने तर सरळ विचारलं, "मावशी, याच्यापेक्षा तू स्वयंपाकाचे क्लास का नाही घेत?" मी स्वतः काही घालत नाही. आरशात बघून सांगायचं कुणाला? ड्रॉवर भरत गेला.

मग ती आली. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणारी, माझ्याच वयाची. ती क्रोशाचं काम करायची आणि खणाच्या कापडाचे बटवे शिवायची. बटव्याच्या नाडीच्या टोकाला लावायला चार मणी मागायला आली आणि संध्याकाळचा चहा घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी खणाच्या चिंध्यांची पिशवीच घेऊन आली. त्यानंतर बहुतेक दुपारी आम्ही जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसायला लागलो. मी ओवायचे, ती विणायची. फार बोलायचो असंही नाही. तिला माझ्या रंगसंगतीत नेहमी खोट दिसायची आणि मला तिच्या शिवणीत. "हा हिरवा कुठून आणलास, औषधाच्या बाटलीतून?" असं ती विचारायची. मी म्हणायचे, "तुझा बटवा एका बाजूला झुकलाय, त्यात जड काही ठेवू नको." एवढं झालं की दोघींनाही बरं वाटायचं.

तिचे मिस्टर निवृत्त होते आणि सदोदित घरीच असायचे. ते जेवून पडले की ती यायची. ते उठले की तिला मिस कॉल द्यायचे. टेबलावरचा फोन थरथरला की ती सुई विणकामात खुपसून उठायची आणि म्हणायची, "चला, ह्यांच्या चहाची वेळ झाली." तो मिस कॉल मला अजिबात आवडायचा नाही. ती गेल्यावर खुर्ची तशीच ओढलेली राहायची आणि मी ती लगेच आत सरकवायचे नाही.

गणपतीच्या आधी तिचे मिस्टर गेले. सकाळी दूध आणायला गेले होते, जिन्यात बसले ते उठलेच नाहीत. मी भेटायला गेले तेव्हा घर नातेवाइकांनी भरलं होतं. दारात तिच्या जावेने विचारलं, "आपण कोण?" दुपारची मैत्रीण असं काही नातं नसतं. मी म्हणाले, "समोर राहते." जावेने मला चपलांच्या स्टँडजवळची खुर्ची दिली. तिथे बसून मी आतल्या खोलीतला तिचा आवाज ऐकला आणि न भेटता परत आले.

मग मुलगा तिला आपल्याकडे घेऊन गेला. ती परत आली ते थंडी सुरू झाल्यावर. एका दुपारी नेहमीसारखी येऊन माझ्यासमोर बसली, पण हातात पिशवी नव्हती. बसून राहिली. चार वाजून गेले, ऊन भिंतीवरून उतरलं, फोन थरथरला नाही. ती उठली नाही. तिला उठावं लागत नाही याचं मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

तिने गळ्यातलं काढलं होतं. "कुणी सांगितलं नाही हं," ती आपणहून म्हणाली. "सून तर नको नको म्हणत होती. मलाच सोसेना." पण बोलता बोलता तिचा हात सारखा गळ्याशी जायचा, तिथे काहीतरी चाचपायचा आणि खाली यायचा. दुपारभर हे चालायचं. मला ते बघवेना. मण्यांचं काम करणाऱ्या बाईला जे सुचणार तेच मला सुचलं. हाताला धरायला काहीतरी हवंय, तर आपण करून देऊ.

मी रविवार पेठेत गेले. दुकानदाराने पुड्यांमागून पुड्या सोडल्या. लाल नको, हिरवा नको, पांढरा नको. मोती तिला आवडत नाहीत. शेवटी एका पुडीवर माझं बोट थांबलं. गडद, गंभीर रंग होता, वयाला शोभेल असा. दुकानदार म्हणाला, "वांगी रंग आहे मॅडम, असा आता येत नाही." मी दाराशी जाऊन उजेडात धरून बघितले. खरंच जांभळी झाक होती. त्यांच्यामध्ये घालायला बारीक सोनेरी मणी घेतले, कारण नुसता गडद रंग उठत नाही. एवढा विचार मी केला. रंगाचा, वजनाचा, लांबीचा. प्रत्येक मण्यानंतर गाठ मारली. आयुष्यात केलेलं ते माझं सर्वांत सुबक काम होतं, हे आजही मी सांगेन.

खणाच्या लहानशा डबीत घालून मी ती माळ तिच्या घरी घेऊन गेले. तिच्या हॉलचे पडदे ओढलेले होते. ती डबी उघडताना हसत होती. मग तिने माळ बोटावर उचलली आणि तिचं हसू गेलं.

"काळी पोत आणलीस?" ती म्हणाली.

"काळी कुठे? वांगी आहे."

"सोन्याचे मणी घालून काळी पोत."

"अगं, काळे नाहीत ते. वांगी रंगाचे आहेत. तू उजेडात बघ ना." मी उठून पडदा सरकवला. माळ तिच्या हातातून घेतली, उन्हात धरली आणि फिरवून दाखवायला लागले. "ही बघ जांभळी झाक. दिसली? या बाजूने बघ." मुलांना द्रावणाचा रंग दाखवायचे तशी मी खिडकीशी उभी होते. बरोबर रंग ओळखला की सगळं मिटतं, अशी माझी नोकरीभरची समजूत. मागे वळून बघितलं तर ती तोंडावर पदर दाबून रडत होती. तिचं उन्हाकडे लक्षही नव्हतं.

मी तरीही म्हणाले, "पण काळे नाहीत गं."

"तुला नाही कळायचं," ती म्हणाली. "तुझ्या गळ्यात कधी होतं का ते?"

मी माळ डबीत घातली, डबी घेतली आणि घरी आले.

त्यानंतर ती आली नाही. मीही गेले नाही. तिच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला ती यायची तेव्हा मी माझ्या बाल्कनीत कुंड्यांशी असायचे. दोघीही एकमेकींना न दिसण्याची काळजी घ्यायचो. एवढ्याशा जागेत ते कठीण असतं. दुपारी मी टॉवेल पसरायचे, मणी ओतायचे आणि नुसती बोटं फिरवत बसायचे. समोर खोट काढणारं कुणी नसलं की काम चांगलं झालं की वाईट, तेच समजत नाही.

ती रागावली म्हणून मला तितकं लागलं नव्हतं. ती म्हणाली ते खरं होतं, म्हणून लागलं होतं. मण्याचं भोक किती, दोरा किती जाड, कडी किती वजन पेलेल, हे सगळं मला कळतं. माझ्यासाठी काळा मणी हा पांढऱ्या मण्याच्या शेजारच्या कप्प्यातला मणी. वयाची साठी उलटून गेली आणि जे इथल्या प्रत्येक बाईला न सांगता समजतं, ते मला सांगूनही समजलं नाही. त्या दिवसांत मला फार एकटं वाटलं. आई गेली तेव्हासुद्धा इतकं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा निदान लोक येत होते.

मग एका दुपारी बेल वाजली. दारात ती होती. घरातल्या सपाता, हातात दुधाची पिशवी, केस विस्कटलेले.

"दार ओढलं गेलं," ती म्हणाली. "किल्ली आत, फोन आत. कुठे जाऊ?"

मी बाजूला झाले. ती येऊन तिच्या खुर्चीत बसली. मी दूध फ्रिजमध्ये ठेवलं, मेन रोडवरच्या किल्लीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, येतो तासाभरात. मी चहा टाकला. कप समोर ठेवल्यावर ती बोलायला लागली, माझ्याशी नाही, कपाशी.

"तिसऱ्यांदा झालं हे. मागच्या वेळी रंगाऱ्यांची शिडी होती म्हणून वाचले. मला किल्ली न्यायची सवयच नाही गं. लग्न झाल्यापासून कायम कुणीतरी घरात. आधी सासूबाई, मग हे. मी बेल वाजवायची आणि दार उघडायचं. मला किल्ली म्हणून कधी दिलीच नाही कुणी."

मी बिस्किटांचा डबा तिच्यापुढे सरकवला. एकदा बोलून बघितलं होतं.

किल्लीवाला आला, त्याने कुलूप उघडलं, ती गेली. मी कप विसळत होते तेवढ्यात ती परत आली. एका हातात किल्ली होती, दुसऱ्या हातात औषधाची रिकामी डबी. डबी तिने टॉवेलवर उपडी केली. काळे मणी पडले. हे खरोखरच काळे होते.

"वाट्या सुनेला दिल्या," ती म्हणाली. "हे राहिले. देवात ठेवले, कपाटात ठेवले, कुठेही ठेवले तरी डोळ्यांसमोर येतात. याचं किल्लीला लावायला काहीतरी करून दे. जड झाली की विसरणार नाही."

"माझ्याकडे कशाला? पेठेत गाठवणारे आहेत."

"ते विचारतील. तुझ्यासाठी काय, नुसते मणी आहेत."

टोचून बोलली नव्हती ती. साधं सांगितलं होतं. मला लागायचं ते लागलंच. पण मी म्हणाले, "हो," आणि दोरा दुहेरी करून सुईत ओवला.

ती समोर बसून बघत राहिली. मी एक मणी घ्यायचे, गाठ मारायचे, दुसरा घ्यायचे. मणी झिजून गुळगुळीत झाले होते. नवे मणी असे कधीच लागत नाहीत हाताला.

"हसशील मला," ती एकदम म्हणाली. "किल्ली हातात असली ना, तरी मी आधी बेल वाजवते. माहीत असतं कुणी नाहीये. तरी वाजवते, जरा वेळ थांबते, मग कुलपाला किल्ली लावते. वेडेपणा आहे नुसता." मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुझी आई गेली तेव्हा तुझंही व्हायचं असं काही?"

"व्हायचं."

"मग थांबलं कधी ते?"

शेवटची गाठ राहिली होती. होतं हळूहळू कमी, असं सगळे म्हणतात तसं म्हणता आलं असतं. मी दोरा ओढून गाठ घट्ट केली.

"मी अजून वाजवते," मी म्हणाले.