आईच्या फोनवरची काच

श्रावणातलं ऊन अंबरनाथच्या आमच्या खिडकीत फार वेळ थांबत नाही. ओल्या मातीचा आणि मोरिवलीच्या कारखान्यांचा उग्रसर वास सोबत घेऊन येतं, घटकाभर रेंगाळतं आणि निघून जातं. त्या सकाळी ते आईच्या मांडीवरच्या फोनवर पडलं होतं, आणि त्या लखलखीत काचेवर आई तर्जनीने पुन्हा पुन्हा दाबत होती, आत माणसं असूनही दार उघडत नाही म्हणून कडी वाजवत राहावी तशी.

फोनच्या पडद्यावरची ती जादा काच मीच बसवून आणली होती. माझा आधीचा फोन बदलापूर स्टेशनच्या जिन्यावर पडून फुटला, तेव्हापासून दुधाने पोळलेली मी ताकही फुंकून पीत होते. उल्हासनगरच्या दुकानदाराने विचारलं होतं, "मॅडम, नीचे कंपनी की फिल्म है, निकाल दूँ?" मी ऐटीत म्हणाले, "रहने दो, डबल सेफ्टी!" स्वतःच्या शहाणपणावर तेव्हा मी फार खूश होते.

यंदा बुद्धविहाराच्या महिला मंडळाने आईला सचिव केलं होतं. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, त्याचा निरोप सचिवाने ग्रुपवर टाकायचा. पन्नाशीत अक्षरं गिरवायला शिकलेल्या माझ्या आईचं आयुष्यातलं हे पहिलं पद. पण फोन तिच्या बोटाला दाद देईना. आठ दिवस मीच निरोप लिहून देत होते.

"नाव माझं, अक्षरं तुझी. मग मी कसली सचिव?" ती म्हणाली.

तीस वर्षं तिने मोरिवलीच्या कारखान्यात पावडरच्या पोत्यांची तोंडं शिवली; त्या सुतळीने आणि रसायनाने तिच्या बोटांवरच्या रेषा कधीच पुसून नेल्या. रेशनच्या दुकानातलं यंत्रही तिचा अंगठा ओळखत नाही. "तिथं अंगठा लागत नाय, इथं बोट लागत नाय. मशीनला मी माणूस वाटत नसेन," असं म्हणून तिने त्याच संध्याकाळी पद सोडायचं ठरवूनही टाकलं. मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर, दोष बोटांचाच असणार असं मीही धरून चालले होते.

काचेचा एक कोपरा थोडा सुटला होता. निकामी वस्तूशी चाळा करावा तसा आईने त्यात नख घातलं आणि वाळत घातलेला पापड उचलतात त्या हलक्या हाताने ती काच वर ओढली. "अगं आई, नको!" मी ओरडेपर्यंत खालची फिल्मही तिच्यासोबत निघून आली होती. उघड्या फोनवर आईने बोट टेकवलं, आणि एक अक्षर उमटलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग दुसरं उमटलं, तिसरं उमटलं; मी हात मागे बांधून उभी राहिले, डोळे मात्र ऐकेनात.

"आज सहा वाजता वाचन. सगळ्यांनी या. सचिव." एवढं लिहायला तिला दहा मिनिटं लागली. मग एकामागून एक "जय भीम ताई" येऊ लागले, फोन मांडीवर थरथरत राहिला, आणि आई लहान मुलीसारखी खळखळून हसली. संध्याकाळी विहारात कुणीतरी सहज विचारलं, "निरोप लेकीने लिहिला का?" भर सभेत आईने तर्जनी उंच धरली. "ह्या बोटानं लिहिला!" बायकांनी टाळ्या वाजवल्या, माझी छाती अभिमानाने भरून आली.

आता तिच्या फोनवर पिशवीतल्या किल्ल्यांचा एक लांब ओरखडा आहे. फोनला काच लावावी का, असं कुणी विचारलं, तर मी लावा म्हणते. माझ्या फोनवर ती आहेच. आईसाठी आणलेली नवी काच मात्र पाकिटासकट कपाटात पडून आहे. आईला जपण्याच्या नादात मी तिच्या आणि जगाच्या मध्ये आणखी काय काय चिकटवून ठेवलं असेल, ते एकेक कोपरा उचलून पाहते आहे.