चापातली दोरी

किनाऱ्यावरच्या शेडमध्ये चाळीस वर्षं शिडाच्या होड्या दुरुस्त करणारा मिस्त्री म्हणजे एक नंबरचा हेकट माणूस. लग्न केलं नाही, का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "सवड कुणाला होती?" संध्याकाळचं जेवण धाकट्या भावाकडे, वीस वर्षं ठरलेल्या खुर्चीवर, आणि मीठ कमी आहे हे सांगितल्याशिवाय घास खाली उतरायचा नाही. भावजय म्हणायची, "दादा, मिठाची बरणीच तुमच्या नावावर करून टाकते."

धंद्यात त्याचा कायदा एकच. शिडाची दोरी हातात धरायची, अडकवायची नाही. वारा अंगावर आला की दोरी सैल सोडायची, शीड फडफडतं, होडी सावरते. अडकलेली असली की होडी आडवी झालीच म्हणून समजा. हे तो इतक्या वेळा ऐकवायचा, की गिऱ्हाइकं त्याला लांबून बघून वाट बदलायची.

आणि हा कायदा त्यानं मोडला कुणासाठी? सख्ख्या भावासाठी.

धाकट्याचे सांधे धरले. बोटं सुजून वाकडी झाली, मान मागे वळेना. त्याच्या होडीत दोरी मागच्या टोकाकडून यायची, ती हाताशी घ्यायला मान वळवावी लागे. "आता कशाला जगायचं?" असं तो येता-जाता बोलायला लागला. मिस्त्रीला ते ऐकवेना. आठवडाभर खपून त्यानं दोरीची सगळी मांडणी बदलली. मागच्या कप्प्या काढून होडीच्या मध्यावर आणल्या, दोनाच्या चार केल्या म्हणजे ओढ हलकी होईल, आणि बोटांना विसावा म्हणून एक दातेरी चाप बसवला. दोरी त्यात दाबली की धरून राहते, वर झटका दिला की सुटते. मिस्त्रीनं होडीच्या काठावर बसून वीस वेळा झटका देऊन पाहिला. वीसही वेळा सुटली.

पण धाकटा गुडघ्यांमुळे काठावर बसायचाच नाही. तो होडीच्या तळाशी फतकल मारून बसायचा. मिस्त्री हे रोज बघत होता की हो! तेवढं मात्र त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

महिन्याभरानं, भर दुपारी, होडी उलटली आणि धाकटा बुडाला. ती ओढून आणली तेव्हा मिस्त्री सगळ्यात आधी तिच्यावर चढला. दोरी चापात तशीच रुतलेली होती. मागून माणसं येत होती. त्यांनी बघायच्या आत त्यानं ती उपसून काढली.

मग लोकांच्या जिभा सुटल्या. एवढा मुरलेला माणूस, दोरी सोडायला किती वेळ लागतो? सोडलीच नसेल. कंटाळला होता जिवाला. मिस्त्री ऐकत राहिला. जेवायला जात राहिला. मिठाबद्दल बोलणं तेवढं थांबलं.

सहा आठवड्यांनी भावजय शेडमध्ये आली. डोळे कोरडे, आवाज कडक.

"दादा, ती होडी फोडून टाका. त्यांना मी नको झाले होते, निदान सांगून तरी जायचं. मला आता त्यांच्या फोटोकडेसुद्धा बघवत नाही."

मिस्त्रीनं हातातला रंधा खाली ठेवला. गप्प राहिला असता तर कुणाला काही कळणार नव्हतं. पण तिचा तो चेहरा त्याच्याच्यानं बघवेना.

"होडीत चढ," तो म्हणाला. "तळाशी बस. तो बसायचा तशी."

ती काही न कळून बसली. त्यानं दोरी चापात दाबली, टोक तिच्या हातात दिलं आणि शिडाच्या आडव्या काठीला खांदा लावून वारा रेटतो तशी ती बाहेर रेटली.

"सोडव."

तिनं ओढली. दोरी पुढे सरकली आणि दातांनी पुन्हा धरली. दोन्ही हातांनी ओढली. पुन्हा धरली.

"सुटत नाही, दादा."

"खाली बसून नाहीच सुटत, वर झटका बसत नाही. मी काठावर बसून बघितलं होतं. होडी आणली तेव्हा दोरी अडकलेली होती. मी काढली. मी कुणाला सांगितलं नाही."

तिनं आपले लाल झालेले तळवे उलटून बघितले.

"त्यांच्या हातांची सालटी निघाली होती," ती म्हणाली. "दोन्ही हातांची. मला वाटलं खडकांवर घासले असतील." आणि मग ती रडली, सहा आठवड्यांत पहिल्यांदा, तोंडावर हात न घेता. "ओढत होते ते! त्यांना घरी यायचं होतं!"

मिस्त्री काठीला खांदा लावून तसाच उभा होता. तिला उतरायला त्यानं हात पुढे केला. तिनं तो धरला नाही. आपली आपण उतरली, पदरानं डोळे पुसले आणि दारापर्यंत जाऊन थांबली.

"होडी फोडू नका," ती म्हणाली. "आणि उद्यापासून जेवायला येऊ नका, दादा."