पाल्याचा सोडा

सोड्याच्या दुकानात किस्से साठतात ते उन्हाळ्यात. थंडीत गिऱ्हाईक कमी, आणि जे येतं ते गपचूप पिऊन जातं. उन्हानं डोकं तापलं की मात्र माणूस बोलायला लागतो. अर्धा ग्लास पोटात गेला की सुनेचं, साहेबाचं, शेजाऱ्याचं सगळं बाहेर! मी आणि नसरीन आत लिंबं कापत ऐकत असतो. ऐकलेलं पोटात ठेवणं मला जन्मात जमलेलं नाही, म्हणून सांगते.

दुकान भिंगारच्या बाजारात, नसरीनच्या सासऱ्यांचं. त्यांना सगळे अब्बा म्हणतात. त्यांनी आयुष्यभर गोटी सोडा विकला. साधा, नाहीतर लिंबू-मीठ. तिसरा प्रकार नाही! मग नसरीनचा नवरा अचानक गेला. अब्बा खचले, दुकानाला कुलूप लागलं. दुकान भाड्यानं द्यायचं आणि आपण पुण्याला मुलीकडे जायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. म्हणजे नसरीननं लेकीची शाळा सोडवून सोनईला भावाकडे जायचं. तिला ते अजिबात नको होतं.

ती म्हणाली, "अब्बा, एक उन्हाळा मला द्या. फळांचा, पुदिन्याचा सोडा करून बघते."

अब्बा म्हणाले, "एक उन्हाळा. मग मी मोकळा."

शेजारीण म्हणून मी भागीदार झाले. घरी बसून नवऱ्याशी भांडण्यापलीकडे मला तरी दुसरं काय काम होतं? अब्बा यंत्रावर गॅस भरून द्यायचे आणि दाराशी लोखंडी खुर्ची टाकून बसायचे. आमचा सोडा मात्र चाखायचे नाहीत. कुणी विचारलं तर सांगायचे, "आत पाल्याचा सोडा मिळतो. शेळीला चालंल."

* * *

पहिल्याच आठवड्यात आम्ही दोघींनी शहाणपणा केला. अब्बा नमाजाला गेलेले. नसरीन म्हणाली, "ताई, कलिंगडाचा रस सरळ गोटीच्या बाटलीत भरू आणि त्यावरच गॅस मारू. काम लवकर होईल."

मी म्हटलं, "होऊन जाऊ दे!"

बाटली यंत्रावर चढवली, फिरवली. रसातलं एक बी गोटीखाली अडकलं आणि गोटी काही बसेना. मी बाटली हातात घेऊन जरा वाकून बघायला गेले, तेवढ्यात सगळा रस फसफसत छताला! माझी साडी लाल, नसरीनची ओढणी लाल, भिंतीवरचं घड्याळसुद्धा लाल.

अब्बा परत आले. छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"रंग द्यायचा हुता तर सांगायचं की. पेंटर वळखीचा हाय माझ्या."

तेव्हा अब्बांकडून कळलं, आधी गार पाण्यात गॅस, फळाचा रस ग्लासात तळाला, आणि सोडा वरून हलक्या हातानं सोडायचा. त्यांनी हे आधी का नाही सांगितलं, असं मी तणतणत विचारलं. म्हणाले, "इचारलं कुठं तुमी?"

* * *

एका एकादशीला समोरच्या गल्लीतले आजोबा आले. तोंड सुकलेलं. ग्लासांकडे नुसतेच बघत उभे.

मग हळूच म्हणाले, "काय गं, सोडा उपासाला चालतो का?"

आता मी बौद्ध घरातली. माझ्या माहेरी, सासरी उपास हा प्रकारच नाही. मी काय सांगणार कपाळ! मी नसरीनकडे बघितलं.

नसरीन म्हणाली, "आजोबा, रोज्याला काहीच चालत नाही. तुमच्या उपासाला काय काय चालतं ते तुम्हीच सांगा, तेवढंच घालते."

आजोबा खूश झाले. सैंधव चालतं, लिंबू चालतं, आलं चालतं, जिरं चालतं, पुदिन्याबद्दल घरी वाद आहे! तेव्हापासून दुकानात सैंधवाची वेगळी बरणी आहे. चतुर्थी कधी, एकादशी कधी, हे सगळ्या गल्लीत नसरीनला आधी ठाऊक असतं. मला नसतं.

* * *

रमजानमध्ये एका संध्याकाळी नसरीननं फार मनापासून एक ग्लास केला. गुलाबाचं सरबत, भिजवलेला सब्जा, लिंबाचे चार थेंब आणि वरून गार सोडा. तळहातावर पुदिन्याची दोन पानं ठेवून चापट मारली, म्हणजे वास उठतो, आणि तीही वर सोडली. अजान झाली. तिनं तो ग्लास अब्बांसमोर खजुराशेजारी ठेवला.

अब्बांनी खजूर घेतला. साधं पाणी प्यायले. ग्लास बोटानं हळूच बाजूला सरकवला आणि नमाजाला उठले.

मला असा राग आला! म्हातारा माणूस, रोजा, म्हणून जीभ चावून गप्प बसले. बऱ्याच वेळानं नसरीननं तोच ग्लास उचलून प्यायला.

"गॅस गेलाय, ताई," ती म्हणाली. "पण चव चांगली झाली होती."

त्या रात्री घरी जाऊन मी रडले. नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर त्यालाच भांडले.

* * *

आमच्याकडे एक रिटायर्ड सुभेदार येतात. पाचच्या ठोक्याला, कडक इस्त्रीत. आलं-लिंबू घ्यायचं, उभ्यानं प्यायचं, ढेकर द्यायचा आणि निघायचं. ढेकर आला नाही तर हलत नाहीत. नसरीन म्हणते, आपलं लॅबोरेटरी टेस्टिंग हेच.

एकदा मी त्यांना जबरदस्तीनं नवीन प्रकार दिला. पेरूचा गर, हिरवी मिरची, काळं मीठ आणि सोडा. मिरची जरा सढळ पडली, खोटं कशाला बोलू! सुभेदार एका दमात प्यायले. डोळ्यांतून पाणी, कान लालबुंद.

शेवटी म्हणाले, "बाई, मी बर्फात नोकरी केली, वाळवंटात केली. पण पाण्याशी असं कुणी वागलेलं बघितलं नाही."

मग आख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा ढेकर दिला.

"उद्या हाच द्या."

दाराशी खुर्चीत अब्बांचे खांदे हलत होते. हसत होते की खोकत होते, विचारायची सोय नव्हती.

* * *

मे महिन्यात राहुरीच्या कृषी विद्यापीठातल्या मुली आल्या. कोकम-पुदिना मागवला. मग फोटो! ग्लास उन्हात, ग्लास सावलीत, ग्लास आणि नखं. एवढं सगळं झाल्यावर एकीनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काकू, ह्यात गॅसच नाहीये!"

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाहेरून अब्बा कडाडले. "ए पोरी! गॅस माझ्या हातचा हाय! ह्या भिंगारात आजपत्तूर कुनी नाव ठेवलं न्हाई. पाला तिचा, गॅस माझा!" मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "दुसरा देतो. आधी पी, मग फोटो काढ."

नसरीन आतून म्हणाली, "ताई, ऐकलं का? म्हणाले, दुसरा देतो."

मी म्हटलं, "तुझ्या पाल्यात वाटणी करून घेतली म्हाताऱ्यानं! खूश काय होतेस?"

पण खरं सांगते, मीही झाले होते.

* * *

जून उजाडला. अब्बा दुकानाबद्दल काही बोलेनात आणि नसरीनची विचारायची हिंमत होईना. लेकीच्या शाळेची पुस्तकं आणायची की नाही, तेही ठरेना.

अशात एका दुपारी नगरहून एक गृहस्थ आले. मोबाईलच्या कव्हरांचं दुकान टाकायचं होतं. जागा चांगली आहे, भाडं मागाल ते देतो, असं दाराशीच सुरू झालं. नसरीनच्या हातातला पुदिना तसाच राहिला. मी सुरी खाली ठेवली.

अब्बा म्हणाले, "बसा. ऊन लई हाय. काय घेनार?"

"नको, आधी बोलणं होऊ द्या."

"घ्या वो." आणि आत वळून हाक मारली, "बेटी, पाव्हन्यांना पेरूचा दे. मिरची कमी टाक. परवा जास्त झाली हुती."

नसरीननं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. म्हणजे परवा पेरूचा ग्लास ह्यांनी गुपचूप प्यायला होता?

तिनं ग्लास भरून दिला. गृहस्थ प्यायले. "वा!" म्हणाले. तोंड पुसून पुन्हा मुद्द्यावर आले, "तर मालक, दुकानाचं काय ठरवताय?"

अब्बा खुर्चीतून उठले. पाव्हण्यांच्या हातातला रिकामा ग्लास घेतला आणि सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

"मालकीन आत हाय, तिला इचारा. मी हितं गिलास धुतो."